संघपालच्या मृत्यूचा दाखला

दिल्लीतल्या मराठी मंडळींत संघपाल टेंभुर्णे यांना सगळे ‘दाखलेवाले काका’ म्हणत. कुणाच्या आजोबांचा जन्म चाळीस साली इथल्या एखाद्या इस्पितळात झालेला असायचा. कुणाचे आईवडील साठ साली घरच्यांना न सांगता कोर्टात लग्न करून मोकळे झालेले असायचे. कुणाचा काका नोकरीसाठी म्हणून दिल्लीला आला आणि इथंच कधीतरी वारला, याहून जास्त घरी काही माहीत नसायचं. नातवंडं आता पुण्याला, न्यू जर्सीला, कुठंकुठं पांगलेली. त्यांना घराण्याची वंशावळ लिहायची हौस यायची, हातात एखादा कागद असावा असं वाटायचं. मग कुणीतरी काकांचा नंबर द्यायचं.

काम त्यांच्याकडे आपसूक चालत आलं होतं. केंद्र सरकारच्या एका खात्यात छत्तीस वर्षं त्यांनी लोकांची सर्व्हिस बुकं सांभाळली आणि जून २०२२ मध्ये निवृत्त झाले. जुनं, पुसट, उर्दूमिश्रित हिंदीतलं कारकुनी अक्षर त्यांना छापील पुस्तकासारखं वाचता यायचं. त्यांचं एक ठरलेलं तंत्र होतं. माणसाचं नाव रजिस्टरात चुकीचं असू शकतं, वडिलांचं चुकू शकतं, वर्ष तर हमखास चुकतं. पण क्वार्टरचा नंबर सहसा चुकत नाही. म्हणून ते आधी पत्ता शोधायचे. लहान मुलांच्या बाबतीत तर दुसरा इलाजच नसायचा. जन्म नोंदवताना बारसं झालेलं नसायचं, त्यामुळे नावाची जागा कोरी आणि पुढे नुसतं ‘लड़का’ किंवा ‘लड़की’. अशा बिननावाच्या नोंदींनी पानंच्या पानं भरलेली असायची.

गाझियाबादकडच्या वसुंधरा भागात सातव्या मजल्यावर त्यांचा फ्लॅट होता. घरी बायको स्वरूपा, केंद्रीय विद्यालयातून निवृत्त झालेली शिक्षिका, आणि त्र्याऐंशी वर्षांची आई, चंदाबाई. मुलगी क्रांती गुरुग्रामला नोकरी करायची आणि तिकडेच राहायची. वडील, बाबुराव, जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली होती. एकोणसाठ साली भंडारा जिल्ह्यातल्या पवनीजवळच्या खेड्यातून ते दिल्लीला आले, मंत्रालयात दफ्तरी म्हणून लागले आणि नेताजी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये त्यांनी सगळा संसार केला.

चंदाबाईंना तीन वर्षांपासून विसरण्याचा आजार जडला होता. आधी चष्मा कुठं ठेवला ते विसरायच्या, मग जेवल्या की नाही ते, मग माणसं. सकाळी संघपाल चहा घेऊन गेले की त्यांच्याकडे निरखून बघायच्या.

“कोणाचा रे तू?”

“आई, मी संघपाल.”

“संघपाल गेला नं,” त्या म्हणायच्या आणि कप हातात घ्यायच्या.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा संघपाल त्यांना तसंच डॉक्टरांकडे घेऊन गेले होते. डॉक्टरांनी समजावलं, या आजारात माणसं जवळच्यांना गेलेलं समजतात, वाद घालू नका. त्यांनी वाद घातला नाही. म्हातारीचा आणखी एक ध्यास होता. दुपारी ताट पुढे आलं की विचारायची, “दगडू जेवला का?” हा दगडू कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. माहेरचा कुणी भाऊ असेल, नाहीतर गावचा गडी. स्वरूपा नेमानं उत्तर द्यायची, “हो आई, पोटभर जेवला.” मग त्या घास घ्यायच्या.

मागच्या नोव्हेंबरात, धुरकं एवढं उतरलं होतं की समोरच्या टॉवरचे दिवे दुपारीसुद्धा पेटलेले दिसायचे, अशा एका दिवशी संघपालांच्या फोनवर नागपूरहून एक मेसेज आला. पाठवणारी मैत्रेयी नावाची मुलगी, कॉलेजात शिकवणारी. ‘टेंभुर्णे सर, जय भीम. तुमचा नंबर आमच्या ग्रुपवर मिळाला. माझंही आडनाव टेंभुर्णे, लांबचं नातं निघेलसुद्धा.’ तिच्या पणजोबांच्या पेटीत दिल्लीहून आलेली काही पोस्टकार्डं सापडली होती. पणजोबांचा थोरला मुलगा दिल्लीला गेला होता, पणजोबा वारल्यावर पत्रव्यवहार तुटला, पुढं त्या घराचं काय झालं ते कुणाला माहीत नव्हतं. तिला त्या शाखेचे कागद हवे होते. खाली यादी होती.

संघपालांनी चष्मा लावला आणि यादी वाचली. बाबुराव आणि चंदा यांच्या लग्नाची नोंद, असल्यास. त्यांचा मुलगा संघपाल याच्या जन्माचा दाखला, १२ जून १९६२. त्याच संघपालच्या मृत्यूचा दाखला, फेब्रुवारी १९६४. बाबुरावांच्या मृत्यूचा दाखला, वर्ष माहीत नाही. शेवटी तिनं लिहिलं होतं: ‘एकच मुलगा होता आणि तो लहानपणीच गेला, त्यामुळे ही शाखा तिथंच संपली असावी.’

त्यांनी यादी दोनदा वाचली. जन्मतारीख त्यांचीच होती, बारा जून बासष्ट. सर्व्हिस बुकात, आधारवर, पेन्शनच्या कागदावर हीच तारीख होती. आत चंदाबाई कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होत्या. संघपालांनी फोन पालथा घातला आणि ते उठून खिडकी लावायला गेले. लावलेलीच होती.

स्वरूपाला त्यांनी काहीच सांगितलं नाही. मैत्रेयीनं गडबड केली असेल, पणजोबांच्या खेड्यात दुसरे बाबुराव असतील, असं त्यांनी स्वतःला समजावलं. पण पोस्टकार्डांवरचा पत्ता म्हणून तिनं नेताजी नगर लिहिलं होतं आणि पत्ता चुकत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मैत्रेयीला त्यांनी एवढंच कळवलं की ऑर्डर मिळाली, बघतो.

चौथ्या दिवशी ते महापालिकेच्या त्या जुन्या विभागीय कार्यालयात गेले. रेकॉर्ड रूम तळघरात होती. लोखंडी कपाटं, लाल कापडात बांधलेले बस्ते, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि एक ट्यूबलाइट, जी लागायला वेळ घ्यायची. तिथला कारकून नरसिंह बहादूरगढचा होता. संघपालांना तो वर्षभरापासून ओळखत होता आणि त्यांच्यासाठी वेगळी खुर्ची ठेवायचा. त्यानं अर्ज घेतला, साल बघितलं, नाव नीट वाचलं नाही. चौसष्ट सालचा मृत्यूंचा बस्ता काढून समोर ठेवला आणि गाठ सोडली.

फेब्रुवारीची पानं एकमेकांना चिकटली होती. संघपाल नेहमीसारखे पत्त्याच्या रकान्यातून बोट फिरवत खाली आले. किदवई नगर, लोदी कॉलनी, विनय नगर. मग ई-५१७, नेताजी नगर. त्या क्वार्टरच्या ओट्यावर ते खेळले होते. पाच फेब्रुवारी. नाव संघपाल. वडिलांचं नाव बाबूराव. वय वीस महीने. कारण निमोनिया. दफनाची जागा, जमना किनारा. आणि शेवटच्या रकान्यात खबर देणाऱ्याची सही.

ती सही त्यांनी ओळखली. ‘बा’चं पोट फार फुगवून काढायची बाबुरावांची सवय होती. शाळेच्या प्रत्येक प्रगतिपुस्तकावर, प्रत्येक रजेच्या अर्जावर ती सही त्यांनी पाहिली होती. इथं ती तशीच होती, फक्त शेवटची रेघ थोडी खाली घसरलेली.

नरसिंह खांद्यावरून वाकून बघत होता. “ये तो आपका ही नाम है, साब.”

“एक नाम के बहुत होते हैं,” संघपाल म्हणाले.

“बाप का भी वही?”

संघपालांनी सहीवरचं बोट काढलं नाही. नरसिंह दोन पावलं मागे सरला. मग त्यानं मुकाट्यानं काँप्युटरवर नोंद चढवली, दाखला छापला, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात न देता टेबलावर ठेवून पुढे सरकवला.

“साब, बुरा मत मानना. इसको घर में मत रखना.”

संघपालांनी कागदाची घडी केली. निघायच्या ऐवजी ते म्हणाले की चौसष्टच्याच जन्मांचा बस्ता बघायचा आहे, वर्षाच्या शेवटाकडचा. का, ते त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. नोकरीत एखाद्याची तारीख जुळेना की पुढची-मागची पानं उलटायची, तो हाताला जडलेला गुण असेल. ऑक्टोबर, नोव्हेंबर झालं. डिसेंबरच्या नऊ तारखेला ई-५१७, नेताजी नगर. वडील बाबूराव, आई चंदा. लड़का. नावाची जागा कोरी.

नरसिंहनं तीही नोंद वाचली आणि या वेळी त्याच्या लक्षात सगळं आलं असावं, कारण त्याचा आवाज एकदम खाली आला. बिननावाच्या नोंदीत नाव घालता येतं, अर्ज करावा लागतो, असं तो म्हणाला. पेन उचलून त्यानं विचारलं, “बोलो साब, क्या नाम डालना है?”

संघपालांनी तोंड उघडलं. पन्नास-पंचावन्न वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर विचार न करता दिलं होतं, ते जिभेवर आलंच नाही. ते नाव दुसऱ्या बस्त्यात होतं.

मेट्रोच्या परतीच्या वाटेवर त्यांना एक आठवण आली. आठवण जुनीच होती, आज तिचा अर्थ बदलला होता. पाच वर्षांचे असताना वडिलांचं बोट धरून ते शाळेत निघाले होते. वाटेत बाबुराव त्यांच्याकडून काहीतरी घोकून घेत होते आणि बरोबर म्हटलं की एक लिमलेटची गोळी देत होते. हरवलो तर सांगता यावा म्हणून घराचा पत्ता शिकवत असणार, असं ते आजवर समजत आले होते. आता शब्द ऐकू आले. नाव काय? संघपाल. पुन्हा सांग. नाव काय? संघपाल. शाळेच्या दारापर्यंत तोंड गोड गोड झालं होतं.

कागदावरच्या वयाप्रमाणे त्यांना वरच्या इयत्तेत घातलं होतं; वर्गात ते नेहमी सगळ्यांत लहान चणीचे होते. प्रार्थनेच्या रांगेत पहिले उभे असायचे. मिशी उशिरा फुटली, आवाज उशिरा फुटला. आई मात्र कधी म्हणाली नाही की याची वाढ खुंटली आहे.

घरी आल्यावर त्यांनी दाखला स्वरूपासमोर ठेवला. तिनं वाचला, पुन्हा वाचला, मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी तळघरात सापडलेल्या दोन्ही नोंदींबद्दल सांगितलं. शिक्षिकेची सवय म्हणून असेल, तिनं बोटांवर वर्षं मोजली.

“म्हणजे तुम्ही माझ्याहून अकरा महिन्यांनी लहान आहात,” ती म्हणाली आणि हसली. हसता हसता थांबली. “अहो, पण मग एवढी वर्षं मी हाक मारत होते ती कोणाला?”

त्या रात्री दाखला कुठं ठेवायचा यावर दोघांचं बोलणं झालं नाही. सकाळी संघपालांनी पाहिलं, तर तो दाराबाहेरच्या चपलांच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला होता. नरसिंह काय म्हणाला ते तिला सांगितलेलं नव्हतं.

रविवारी ते गुरुग्रामला गेले. क्रांतीच्या हॉलमध्ये एक फोटो होता. घरातला सर्वांत जुना. बाबुरावांच्या मांडीवर दीड वर्षाचं मूल, डोळ्यांत काजळ, कपाळावर तीट, मागच्या बाजूला शाईनं लिहिलेलं: ‘चि. संघपाल, डिसेंबर १९६३’. साठाव्या वाढदिवसाला क्रांतीनं तो मोठा करून फ्रेम केला होता आणि खाली पितळी पट्टी लावली होती, ‘पप्पा’. आल्यागेल्याला ती कौतुकानं दाखवायची. संघपाल स्वतःही दाखवायचे. बघा, मी केवढा गुटगुटीत होतो.

त्या दिवशी ते चप्पल न काढताच फोटोपाशी गेले. खिशातलं भिंग काढून त्यांनी मुलाचा कान पाहिला. कानाची पाळी गालाला चिकटलेली होती. संघपालांची पाळी मोकळी, लोंबती, आईसारखी. चष्मा लावताना रोज हाताला लागणारी. साठ वर्षांत त्यांच्या हे ध्यानात आलं नव्हतं, कारण स्वतःचाच फोटो कुणी पारखून घेत नाही. त्यांना वाटलं, मूल कॅमेऱ्याकडे बघत नसून थोडं बाजूला बघत आहे, जिथं आता ते उभे होते. ते डावीकडे सरकले. मग परत जागेवर आले.

“पप्पा, काय बघताय एवढं?” क्रांतीनं चहा आणता आणता विचारलं.

त्यांनी तिला बसवून सांगितलं. ती दिल्लीत वाढलेली मुलगी, घाबरण्यापेक्षा चिडली जास्त. आजोबांनी असं कसं केलं, यार, कोणी करतं का असं, सगळे डॉक्युमेंट्स म्हणजे दुसऱ्याचेच की. मग तिची नजर फोटोकडे गेली. फोटो काढून टाकू का, असं संघपालांनी विचारलं. ती उठली, स्क्रू ड्रायव्हर आणला आणि पितळी पट्टी तेवढी काढली.

“राहू दे त्याला. काका आहे ना माझा,” ती म्हणाली. “वीस महिन्यांचा काका.”

आता आईला विचारणं उरलं होतं. आठ दिवस संघपाल टाळत राहिले. ती खरं बोलत होती आणि घरातले सगळे मिळून तिला वेडी ठरवत होते, ही गोष्ट त्यांना जास्त बोचत होती. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एके दिवशी हवा स्वच्छ झाली, दुपारचं ऊन बाल्कनीत आलं. चंदाबाई शाल घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. संघपाल शेजारी संत्रं सोलत बसले.

“कोणाचा रे तू?” त्यांनी विचारलं.

या वेळी त्यांनी नाव सांगितलं नाही. “आई,” ते म्हणाले, “संघपाल गेला तेव्हा काय झालं होतं?”

चंदाबाईंनी त्यांच्याकडे अशी मान वळवली, जणू कुणीतरी हे विचारेल याची त्या कितीतरी वर्षं वाट बघत होत्या. आणि त्या सांगू लागल्या. मध्ये अडखळल्या नाहीत, एकही दिवस इकडचा तिकडे केला नाही. दोन रात्री ताप होता. छाती घरघरत होती. सकाळी इस्पितळात नेलं तोवर हात गार पडला होता. यांनी गोधडीत गुंडाळून नेला. मला येऊ दिलं नाही. नदीच्या रेतीत ठेवला त्याला. परत आले तर गोधडी हातात तशीच होती. मी म्हटलं, थंडीचा उघडा ठेवून आले का?

“मग?”

“मग दगडू झाला.”

संघपालांच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं. “दगडू नाव कोणी ठेवलं?”

“मीच. दगडाले कोण नेते?” चंदाबाई म्हणाल्या. “यांना नाही आवडलं. दीक्षा घेतली, असली नावं सोडून आलो म्हणे आपण. तर दुसरं ठेवूच दिलं नाही मी. पाच वर्षं दगडूच होता. मग शाळेत नेला. शाळेत चिठ्ठी मागितली जन्माची, यांच्याजवळ पहिल्याचीच होती. सकाळी दगडू गेला घरातून. दुपारी आणला अन् म्हणाले, आता याला संघपाल म्हण.” त्या थांबल्या. “मी नाही म्हटलं. एकदाही नाही म्हटलं.”

ते खरं होतं. संघपालांनी आठवून पाहिलं. आई त्यांना बाळा म्हणायची, अरे म्हणायची, ऐक रे म्हणायची. लग्नपत्रिका वाचून दाखवली तेव्हा वराच्या नावापाशी उठून आत गेली होती. वाढदिवशी तिला हटकून डोकं दुखायचं. दर फेब्रुवारीत एक दिवस ती जेवायची नाही आणि विचारलं तर पोट बरं नाही म्हणायची.

“दगडू आता कुठं असतो?” त्यांनी विचारलं. आवाज आपला वाटत नव्हता.

चंदाबाईंनी हात लांब करून त्यांच्या कानाची पाळी चिमटीत धरली. लहान मुलाला धरतात तशी. मग संत्र्याची फोड मागितली.

दुसऱ्या दिवशी संघपाल एकटेच यमुनेवर गेले. रजिस्टरात ‘जमना किनारा’ याहून जास्त काही नव्हतं. साठ वर्षांत नदी सरकली होती, वर पूल झाले होते, काठाला भाजीचे वाफे होते. फेस वाहत होता. वाफ्यात काम करणाऱ्या एका बाईला त्यांनी विचारलं की पूर्वी लहान मुलांना पुरायचे ती जागा कुठली. तिनं हातातला विळा खाली ठेवला आणि म्हणाली की सगळीच, भाईसाब. कुठंही खणलं तरी इथली माती मऊ आहे. संघपाल जिथं उभे होते तिथून त्यांना पाय उचलवेना. थोड्या वेळानं त्यांनी बूट काढून हातात घेतले आणि रस्त्यापर्यंत अनवाणी आले.

मैत्रेयीची ऑर्डर त्यांनी पूर्ण केली. लग्नाची नोंद नव्हती, तसा महापालिकेचा कागद घेतला. जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला, बाबुरावांचा मृत्यूचा दाखला, सगळं एका लिफाफ्यात घातलं. सोबत पत्र लिहिलं. ‘संघपाल पाच फेब्रुवारी चौसष्टला गेला हे बरोबर आहे. पण शाखा तिथं संपली नाही. मी त्याचा धाकटा भाऊ. चंदाबाई हयात आहेत.’ पत्र पोचल्यावर मैत्रेयीचा फोन आला. ती रडत होती आणि ‘काका, सॉरी, मी तुम्हाला काय काम सांगितलं’ असं पुन्हापुन्हा म्हणत होती. शेवटी तिनं विचारलं की वंशावळीत दुसरी चौकट केली आहे, तिच्यात नाव काय लिहू?

त्यांनी दोन दिवस मागितले. नऊ डिसेंबरला, ज्या दिवशी ते खरोखर साठ वर्षांचे झाले, त्यांनी उत्तर पाठवलं: दगडू बाबुराव टेंभुर्णे, ऊर्फ संघपाल. सरकारी कागद काही बदलता येणार नव्हते आणि त्यांनी बदलायचा प्रयत्नही केला नाही. तळघरातली कोरी जागा कोरीच आहे. नरसिंह अजून विचारतो, ते अजून ‘अगली बार’ म्हणतात. कामं मात्र त्यांनी सोडली नाहीत. फक्त आता कुणी वंशावळीचे कागद मागितले की ते आधी विचारतात, घरी कुणी खूप म्हातारं माणूस आहे का, जे असंबद्ध बोलतं? काय बोलतं ते लिहून पाठवा.

या जानेवारीतली गोष्ट. दुपारचं जेवण उरकलं होतं. चंदाबाई पलंगावर उशीला टेकून होत्या, स्वरूपा त्यांच्या पायांना तेल लावत होती. संघपाल आत आले तसं त्यांनी विचारलं, “दगडू आला का?”

“आलो, आई.”

“अन् तो?”

“कोण?”

“तो नाही का. दारात उभा आहे. थंडी केवढी. घे नं आत.”

स्वरूपाचा हात थांबला. तिनं नवऱ्याकडे पाहिलं आणि मानेनं नको म्हणाली. संघपाल क्षणभर उभे राहिले. मग बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांनी मुख्य दार उघडलं. मजल्यावर कुणी नव्हतं. लिफ्ट खालीच कुठंतरी होती. जिन्यातून गार हवा आली आणि घोट्यांपर्यंत लागली, वर आली नाही. लहान मुलाला उंबरा ओलांडायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ते दार धरून थांबले. मग त्यांनी ते हळूच लावून घेतलं.

आत आले तेव्हा चंदाबाई पलंगाच्या एका कडेला सरकून निजल्या होत्या. भिंतीच्या बाजूला त्यांनी हातभर जागा सोडली होती आणि शालीचा पदर तिच्यावर पसरला होता. त्यानंतर त्यांनी संघपाल गेला असं कधी म्हटलं नाही. स्वरूपा रोज रात्री त्यांचं अंथरूण घालते तेव्हा ती जागा मोकळी ठेवते, आणि त्याबद्दल घरात कुणी कुणाला काही विचारत नाही.